तोंडी शेड्युलवर मशीन घ्यावे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आप्पांनी १९९४ साली सुरू केलेले आमचे मशीन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी, उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), एक रेडियल ड्रिल आणि अकरा माणसे. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीचे (ओतकामाच्या कारखान्याचे) कास्टिंग आमच्याकडे येते आणि मशीनिंग करून आम्ही ते परत पाठवतो. ट्रकच्या इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा भाग) आणि फ्लायव्हील हाउसिंग (फ्लायव्हीलचे बाहेरचे कवच), शिवाय ब्रेक ड्रम आणि व्हील हब, असे काम असते. गेल्या वर्षभरात मॅनिफोल्डचे शेड्युल (महिन्याला किती नग पाठवायचे याचा आकडा) जवळजवळ निम्म्यावर आले आहे. फाउंड्रीने आता ॲल्युमिनियम डायकास्टिंगचे (धातूच्या साच्यात दाबाने ओतण्याचे) युनिट घातले असून त्यांचे खरेदी अधिकारी म्हणतात, ‘इलेक्ट्रिक गाडीच्या मोटारीचे हाउसिंग येणार आहे. दोन नवे व्हीएमसी घ्या, महिन्याला ३,००० नग देतो, ताशी ४५० रुपये दर धरू.’ लेखी काही नाही. बँक पाच वर्षांच्या मुदतीने, दहा टक्के व्याजाने ८० लाख द्यायला तयार आहे, पण खानापूर तालुक्यातली शेती तारण मागते. बिलाचे पैसे मिळायला आजच नव्वद दिवस लागतात. आप्पा कर्ज नको म्हणतात. काका म्हणतात, पुढे इंजिनच राहणार नाही, सगळे विकून मोकळे व्हा. मी काय करावे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर:

सुरुवातीला एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. मी जवळजवळ तीस वर्षे पुण्याकडे वाहन उद्योगाच्या खरेदी विभागात काढली, आणि ‘महिन्याला इतके नग देतो, मशीन घेऊन टाका’ हे वाक्य मी स्वतः समोर बसलेल्या वेंडरला अनेकदा ऐकवले आहे. ते म्हणताना मी खोटे बोलत नव्हतो. वरून आलेला आकडा मी खाली देत होतो, आणि ज्यांनी तो मला दिला त्यांनाही तो वरूनच आलेला होता. वाहन कंपनी नव्या मॉडेलचा अंदाज बांधताना, गाडी चालली तर माल कमी पडू नये म्हणून क्षमता थोडी चढीच धरते. पहिल्या फळीचा पुरवठादार त्यात आपली भर घालतो. फाउंड्री एकाच भागासाठी दोन मशीन शॉपशी बोलून ठेवते, कारण एकाने हात वर केले तर दुसरा तयार हवा. या सगळ्यांच्या सावधगिरीची बेरीज तुमच्यापर्यंत ‘३,००० नग’ होऊन पोहोचते. गाडी अंदाजापेक्षा कमी विकली गेली की वजाबाकीला मात्र खालून सुरुवात होते.

२०१८ च्या सुमारास आमच्या अशाच शब्दावर एका लहान वेंडरने डिझेल इंजिनाच्या एका भागासाठी खास मशीन घेतले होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे मानक लागू झाले, लहान डिझेल इंजिन त्या मानकात बसवणे परवडेना, आणि ते मॉडेलच बंद पडले. मशीनचे हप्ते पुढे तीन वर्षे चालू होते. त्या गृहस्थांनी मला कधी बोल लावला नाही. फक्त दिवाळीला यायचा तो फोन यायचा बंद झाला.

काकांच्या म्हणण्याकडे या गोष्टीवरून वळतो. इंजिनाचे काम जाईल ते इलेक्ट्रिकमुळेच जाईल, असे त्यांनी धरले आहे, आणि वर्तमानपत्रे वाचून कोणीही तसेच धरील. प्रत्यक्षात २०१२-१३ च्या सुमारास आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोटारगाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवर चालणाऱ्या होत्या, आणि पुढच्या दहा वर्षांत तो वाटा पाचांत एक गाडी याच्याही खाली उतरला. त्या दहा वर्षांत इलेक्ट्रिक मोटारगाड्या रस्त्यावर शोधाव्या लागत होत्या. डिझेल आणि पेट्रोल यांच्या दरांतले अंतर कमी झाले, धुराची मानके कडक झाली, आणि मारुतीने २०१९ च्या एप्रिलमध्येच जाहीर करून टाकले की पुढच्या एप्रिलपासून आपण डिझेल गाड्या विकणार नाही. दुचाकीच्या कार्ब्युरेटरचेही तेच झाले. भारत स्टेज सहाबरोबर जवळपास सगळ्या दुचाकींमध्ये इंधन इंजेक्शन आले, आणि कार्ब्युरेटरची बॉडी मशीन करणाऱ्यांना थ्रॉटल बॉडीकडे वळावे लागले. जे वळले ते बहुतेक त्याच मशीनवर, त्याच माणसांना घेऊन वळले, कारण धातू तोच होता आणि लागणारी अचूकताही त्याच जातीची होती. हे बदल कोणावर अचानक कोसळलेले नव्हते. भारत स्टेज पाच गाळून थेट सहावर जायचे, हे सरकारने २०१६ मध्येच ठरवले होते. तारीख चार वर्षे आधी माहीत असूनही २०१९ साली नव्या डिझेल भागांसाठी मशीन घेणारे वेंडर मी पाहिले आहेत, आणि त्यांना ती घ्यायला लावणारे खरेदी अधिकारीही पाहिले आहेत.

तेव्हा ‘इंजिन राहणार की जाणार’ या प्रश्नाऐवजी तुमचा प्रत्येक भाग कोणत्या वाहनात बसतो, हे पाहा. इलेक्ट्रिकचा वेग प्रत्येक वाहनप्रकारात वेगळा आहे. २०२४-२५ मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक इलेक्ट्रिक होत्या, दुचाकींमध्ये हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होते, मोटारगाड्यांमध्ये दोन ते तीन, आणि अवजड ट्रकमध्ये एकाच्याही खाली. तुमचे मॅनिफोल्ड आणि फ्लायव्हील हाउसिंग ट्रकचे आहेत. ट्रक उद्या सीएनजीवर किंवा एलएनजीवर गेला तरी त्याला इंजिन असेल आणि इंजिनाला मॅनिफोल्ड लागेल. ब्रेक ड्रम आणि हब यांना तर गाडी कशावर चालते याच्याशी फारसे देणेघेणे नाही. इलेक्ट्रिक बस किंवा ट्रकमध्ये वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटारच करते, त्यामुळे ड्रम कमी झिजतो आणि बदलीच्या मालाची मागणी काळाच्या ओघात घटेल. पण नव्या गाडीला ड्रम लागणारच, आणि बॅटरीच्या वजनामुळे हब तर अधिकच दणकट लागेल. ड्रमची जागा डिस्क घेऊ लागली, तरी लोखंडाची चकती टर्न करायला तुमचे तेच सीएनसी लेथ चालतात.

मग ट्रकच्या मॅनिफोल्डचे शेड्युल निम्म्यावर का आले? हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि मला शंका आहे की तुम्ही ते विचारलेलेही नाही. कारणे तीन असू शकतात आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत. ट्रकची विक्री चक्रासारखी वरखाली होते. हे कारण असेल तर शेड्युल परत येईल. दुसरे म्हणजे, नव्या मानकांच्या इंजिनांत धूर अधिक तापमानाला बाहेर पडतो, म्हणून ग्रे आयर्नऐवजी (साध्या ओतीव लोखंडाऐवजी) सिलिकॉन-मॉलिब्डेनम मिसळलेले एसजी आयर्न (अधिक चिवट ओतीव लोखंड) वापरतात. तुमचा भाग जुन्या इंजिनाचा असेल आणि नवा भाग दुसऱ्या शॉपला गेला असेल, तर तो तुम्हालाही मिळू शकतो; इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) बदलावा लागेल आणि सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) वाढेल, एवढेच. तिसरे कारण असे की फाउंड्रीने तुमचा निम्मा वाटा सरळ दुसऱ्याला दिला असेल. तसे असेल तर जो गिऱ्हाईक जुने काम न सांगता काढून घेतो, त्याच्याच शब्दावर ८० लाखांचे कर्ज काढायचे का, याचे उत्तर मी देण्याची गरज उरत नाही.

आता हिशेब करू. पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांनी ८० लाख घेतले तर महिन्याचा हप्ता १ लाख ७० हजारांच्या आसपास जातो. महिन्याचे पंचवीस दिवस, दोन पाळ्या आणि पाळीत सात तास खरे काम धरले, तर दोन मशीनचे मिळून ७०० तास होतात. अशा हाउसिंगला नगामागे १२ मिनिटे धरली (रेखाचित्र पाहिल्याशिवाय हा आकडा पक्का समजू नका), तर ३,००० नगांना ६०० तास लागतील. ताशी ४५० म्हणजे नगाला ९० रुपये, म्हणजेच महिन्याचे बिल २ लाख ७० हजार. त्यातले पहिले १,८९० नग तुम्ही फक्त बँकेसाठी कराल. शेड्युल पूर्ण आले तरी उरलेल्या लाखभरात चार ऑपरेटरचे पगार, वीज, इन्सर्ट, कूलंट आणि दुरुस्ती बसवायची आहे. शेड्युल निम्मे, म्हणजे १,५०० आले, तर बिल १ लाख ३५ हजारांचे होईल आणि हप्ता भरायलाच घरातून ३५ हजार घालावे लागतील. बिल नव्वद दिवसांनी मिळणार म्हणजे सुरुवातीचे आठ लाख रुपये कायम अडकलेले राहणार, आणि जीएसटी मात्र पुढच्याच महिन्यात भरावा लागणार. आप्पांनी हा हिशेब कागदावर मांडला नसेल, पण १९९४ पासून धंदा केलेल्या माणसाच्या ‘कर्ज नको’ या दोन शब्दांत तो असतो. त्यांना एकदा हे आकडे घेऊन बसवा. मला वाटते ते माझ्या १२ मिनिटांच्या अंदाजातही चूक काढतील.

शेड्युल पूर्ण का येणार नाही, असे तुम्ही विचाराल. मोटारीच्या हाउसिंगचे शेड्युल तुमच्या किंवा फाउंड्रीच्या चुकीमुळेच थांबते असे नाही. इलेक्ट्रिक दुचाकींवरचे अनुदान १ जून २०२३ पासून कमी झाले, तेव्हा मे महिन्यात लाखाच्या पुढे गेलेली नोंदणी जूनमध्ये त्याच्या निम्म्याच्याही खाली आली होती. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा पडला आणि मारुतीने त्या सप्टेंबरचे उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल असे कळवले. चिपशी काडीचाही संबंध नसलेले लोखंडी भाग त्या महिन्यात वेंडरकडे रचून पडले होते. पुढचे उदाहरण तर तुमच्या नव्या भागाच्या अगदी जवळचे आहे. ज्या मोटारीचे हे हाउसिंग असेल तिच्यात बहुधा दुर्मीळ धातूंची चुंबके असतील, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या धातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा आपल्याकडच्या इलेक्ट्रिक दुचाकी उत्पादकांची कशी धावपळ झाली हे सर्वांनी पाहिले. चुंबक आले नाही की मोटार होत नाही, आणि मोटार झाली नाही की तुमचे मशीन केलेले हाउसिंग उद्यमबागेतच पडून राहते. असे धक्के पचवण्यासाठी मोठ्या कंपन्या दुसरा पुरवठादार शोधतात, रचना बदलतात, साठा वाढवतात. तळाच्या फळीवरच्या शॉपकडे यातला एकही मार्ग नसतो. त्याच्या हातात फक्त करारातली अट असते.

ॲल्युमिनियमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण लोखंडावर वाढलेली शॉप येथेच ठेचकाळतात. लोखंड मशीन करताना बुरा पडतो, ॲल्युमिनियमला लांब आणि चिकट चिप (धातूची कातरण) येते. ती इन्सर्टच्या धारेवर चढून बसते आणि फेस ओरखडून ठेवते. कूलंटच्या टाकीत लोखंडाचा बारीक बुरा राहिला असेल तर तोच ॲल्युमिनियमच्या सीलिंग फेसवर रेघा मारतो, म्हणून एकाच मशीनवर सकाळी ड्रम आणि दुपारी हाउसिंग असे चालत नाही. पकडीचा प्रश्न त्याहून अवघड. पातळ भिंतीचे हाउसिंग फिक्स्चरमध्ये (भाग धरून ठेवणाऱ्या पकडीत) आवळलेले असताना बोअर (आतले भोक) गोल येतो, बोअर गेज लावले की सगळे ठीक दिसते, आणि क्लॅम्प सोडले की तोच बोअर काही मायक्रॉनांनी अंडाकार होतो. लोखंडाच्या जाड हाउसिंगने हा त्रास तुम्हाला कधी दिलेला नसेल. शिवाय ॲल्युमिनियम तापमानाने लोखंडाच्या दुप्पट फुगते. २०० मिलिमीटरच्या बोअरचे तापमान दहा अंशांनी बदलले तर लोखंडात सुमारे २२ मायक्रॉनांचा फरक पडतो, ॲल्युमिनियममध्ये ४६ चा. बेळगावात थंडीतली सकाळ आणि पत्र्याच्या शेडमधली दुपार यांत दहा अंश सहज पडतात. सकाळी पास झालेला नग दुपारी गिऱ्हाइकाकडे नापास का होतो, याचे उत्तर शोधण्यात मी एका वेंडरबरोबर पूर्ण आठवडा घालवला आहे. दोष ना मशीनचा होता ना माणसाचा. मोजणीची खोली वातानुकूलित नव्हती.

यातूनच पैशांचा एक प्रश्न निघतो, आणि तो दरापेक्षाही मोठा आहे. मोटारीच्या हाउसिंगमध्ये थंड पाण्याची वाट असेल तर प्रत्येक नगाची गळती तपासावी लागते. डायकास्टिंगच्या आत सच्छिद्रता असते, वरची कातडी निघाली की ती उघडी पडते, आणि तुम्ही बारा मिनिटे खर्च केलेला नग हवेच्या दाबाखाली टाकीत बुडवला की बुडबुडे सोडतो. दोष कास्टिंगचा, मजुरी तुमची. लोखंडातल्या ब्लोहोलच्या (ओतीव भागातल्या पोकळीच्या) वेळी फाउंड्री आज काय करते, ते पाहा: मजुरी देते, अर्धी देते, की वर डेबिट नोट (तुमच्याकडूनच पैसे वळते करण्याचा कागद) पाठवते? तीच सवय ॲल्युमिनियमला लागू होईल, फक्त प्रमाण वाढलेले असेल. आणि एक लहानशी गोष्ट: लोखंडाचा बुरा कोणाचा यावर आजवर कोणी भांडले नसेल, पण ॲल्युमिनियमच्या चिपला चांगला भाव आहे. ती तुमच्याकडे राहणार की परत जाणार हे आधी ठरले नाही, तर पहिल्याच तिमाहीत त्यावरून वाद होईल.

म्हणून खरेदी अधिकाऱ्यांना ‘नाही’ म्हणू नका, लेखी विचारा. भाग कोणत्या वाहनाचा आहे, स्कूटरचा, तीनचाकीचा की बसचा. ३,००० नग ही एकूण गरज आहे की त्यातला तुमचा वाटा. शेड्युलमधला कोणता महिना पक्का आणि कोणता तात्पुरता. ठरलेल्या नगांच्या किती टक्क्यांपर्यंत त्यांनी माल उचललाच पाहिजे, आणि न उचलल्यास मशीनच्या हप्त्याचा भार कोण सोसणार. फिक्स्चर आणि गळती तपासणीचे उपकरण त्यांच्या पैशांनी होईल की तुमच्या, आणि तुमच्या पैशांनी झाले तर ती रक्कम किती नगांवर फेडली जाईल. मशीनिंगनंतर उघड्या पडलेल्या कास्टिंग दोषाची मजुरी मिळेल की नाही. दरवर्षीच्या दरकपातीची अट आहे का. या पत्राला उत्तर आले नाही, तर तेही उत्तरच आहे. काही अटी मान्य आणि काही अमान्य असे उत्तर आले तर तो माणूस गंभीर आहे असे समजा. खरेदी विभागातला माणूस सगळ्याला ‘हो’ म्हणाला तर मात्र मी स्वतः सावध होईन.

नव्वद दिवसांबद्दल. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर ती या आठवड्यातच करून घ्या. ती विनाशुल्क होते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादांप्रमाणे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योगात मोडता. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाला पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाता येत नाही, आणि करार नसेल तर मुदत पंधराच दिवसांची. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. शिवाय आयकराच्या तरतुदीप्रमाणे (१९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ४३ब (ज)) सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्चमध्ये फाउंड्रीच्या लेखापालाला हे कलम कायद्याच्या नोटिशीपेक्षा लवकर आठवते. एकाच गिऱ्हाइकावर पोट असताना नोटीस पाठवा असे मी सुचवणार नाही. पण नव्या कामाच्या करारात पंचेचाळीस दिवस लिहून घेणे सोपे आहे, आणि फाउंड्रीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर बिले सवलतीने वटवण्याच्या ट्रेड्स व्यवस्थेत नोंदणी करणे त्यांना बंधनकारक आहे. ती त्यांनी केली आहे का, एवढे विचारायला नोटीस लागत नाही.

आपण सीमेवर आहोत म्हणून एक सूचना. कोल्हापूरहून कर्नाटकात जॉबवर्कला येणाऱ्या मालाला ई-वे बिल लागतेच, किंमत पन्नास हजारांच्या आत असली तरीही. लोखंडाचे कास्टिंग ट्रकभर येते, तेव्हा हे कोणी विसरत नाही. चाचणीचे चाळीस हाउसिंग कोणी तरी गाडीच्या डिकीत टाकून आणतो, आणि सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे कोणी अडवले की अर्धा दिवस जातो.

शेती तारण ठेवू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या पतहमी निधी न्यासाची, म्हणजे सीजीटीएमएसईची, हमी घेऊन बँकेला तारणाशिवाय कर्ज देता येते, आणि त्याची मर्यादा आता दहा कोटींपर्यंत आहे. जमीन मागणे बँकेला सोयीचे असते म्हणून ती जमीन मागते. तुम्ही या योजनेचे नाव घेऊन लेखी अर्ज द्या. मात्र ही हमी बँकेला असते, तुम्हाला नव्हे. कर्ज थकले तर वसुली तुमच्याकडूनच होते, फक्त खानापूरचा उतारा बँकेच्या कपाटात नसतो.

आणि सगळे एका फाउंड्रीवर ठेवू नका. उद्यमबाग आणि मच्छे येथे हायड्रॉलिक्सचे काम आहे, पंप आणि व्हॉल्व्हचे काम आहे, ट्रॅक्टरचे भाग आहेत. जिल्ह्यातले साखर कारखाने गळीत संपले की पावसाळ्यात दुरुस्तीचे काम बाहेर देतात, आणि त्याचे पैसे उशिरा येत असले तरी ते वाहनविक्रीच्या चक्रावर अवलंबून नसते. जिल्ह्यातल्याच हत्तरगीच्या विमानभागांच्या कामाकडे अनेक तरुणांचा डोळा असतो. त्याची प्रमाणपत्रे आणि कागदपत्रे यांचा पसारा पाहता तुमच्या आकाराच्या शॉपने ते आज मनावर घेऊ नये, असे माझे मत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि तिथून ते नांगराकडे कसे गेले, ही गोष्ट आपल्याकडच्या उद्योजकांच्या सभांत फार वेळा सांगितली जाते. मला तिच्यातले एवढेच उपयोगी वाटते की लोखंडी नांगर शेतकऱ्यांनी स्वीकारीपर्यंत बराच काळ गेला, आणि त्या काळात कडबा कापण्याची यंत्रे विकली जात होती. तुमचे ड्रम आणि हब म्हणजे ती यंत्रे. नव्या भागाच्या नादात त्यांची गुणवत्ता आणि वेळ सांभाळणारा माणूस हलवू नका.

मॅनिफोल्ड निम्म्यावर आले म्हणजे तुमच्या आजच्या दोन व्हीएमसींपैकी एकीवर मोकळा वेळ आहे. नवे मशीन घेण्याआधी त्या एका मशीनचा कूलंट पूर्ण उपसा, टाकी आणि चिपची वाट धुऊन घ्या, आणि फाउंड्रीकडे दोनशे नगांची चाचणी मागा. फिक्स्चर त्यांच्या खर्चाने. सायकल टाइम घड्याळ लावून मोजा, माझ्या १२ मिनिटांवर जाऊ नका. प्रत्येक पाळीतले पाच नग बाजूला ठेवून त्यांचा बोअर चार वेळा मोजा: क्लॅम्पमध्ये असताना, क्लॅम्प सोडल्यावर, दुपारी तीन वाजता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, आणि प्रत्येक वेळी शेडचे तापमान शेजारी लिहा. किती नग गळले आणि त्यांपैकी किती तुमच्या मशीनिंगमुळे, हेही त्याच वहीत राहू द्या. ती वही आणि वर सांगितलेले पत्र, दोन्ही घेऊन खरेदी अधिकाऱ्यांकडे जा, आणि आप्पांना बरोबर न्या.